ओढ्यापलीकडचे कम्युनिस्ट

“लमाय! ए लमाय! तुझे कम्युनिस्ट माझ्या भुईमुगात शिरलेत बघ! आवर त्यांना, नाहीतर एकेकाची मुंडी मुरगाळीन!”

तान-दियाव गावात सकाळ व्हायची ती या आरोळीने. कोंबडे नंतर. कुंपणाच्या पलीकडे पा फ्लोय कमरेवर हात ठेवून उभी असायची, तोंडात विड्याचा तोबरा, आणि अलीकडे लमाय मान खाली घालून भांडी घासत असायची. गेली तीन वर्षं हा नेम चुकला नव्हता. ‘पा’ म्हणजे थोरली मावशी. नात्यातली नसली तरी त्या वयाच्या बाईला तिकडे तसंच म्हणायचं, म्हणून लमायही म्हणायची, पण दात आवळून. तीन वर्षांत दोन घरांमध्ये आमटीची वाटी गेली नव्हती की आली नव्हती.

कम्युनिस्ट म्हणजे गवत. काँग्रेस गवत उपटताना ज्यांच्या हाताला खाज सुटली आहे त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. सरकारी माणसाने बियाण्याची पोती आणली तेव्हा त्याचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. रेतीतसुद्धा येतं, बैल आवडीने खातात, असं तो म्हणाला. लमायच्या बापाकडे झुंजीचा बैल होता, त्याने पहिलं पोतं घेतलं. सरकारी माणूस खोटं बोलला नव्हता. रेतीत ते आलं. ओढ्याकाठी आलं, मिरचीत आलं, देवळाच्या पायऱ्यांत आलं. एक कापला की दहा उठायचे. कोवळं असताना बैल खायचा, पण तुरा आला की काडी अशी कडक व्हायची की बैलही तोंड फिरवायचा. तुरे तांबडे. गाव त्यांना झेंडे म्हणायचं. पावसाळा सरला की सगळीकडे झेंडेच झेंडे.

नाव कुणी पाडलं ते कुणाला ठाऊक नाही. खरे कम्युनिस्टही होते म्हणे, मोठ्या सरोवराच्या पलीकडे, डोंगरात, बंदुका घेऊन. ते तान-दियावात कुणी पाहिले नव्हते. गवत मात्र सगळे रोज पाहायचे. त्यामुळे त्या गावात ‘कम्युनिस्ट’ म्हटलं की डोळ्यांपुढे माणूस येतच नसे, आणि हीच गोष्ट लमायच्या मुळावर आली.

त्या साली पलीकडच्या पा फ्लोयच्या जमिनीतून गवत ओढा ओलांडून लमायच्या मिरचीत घुसलं. तिच्या एकटीच्या कोयत्याने ते आवरेना. नवरा ट्रॉलरवर गेला होता तो गेलाच. घरचं माणूस म्हणजे धाकटा भाऊ वियन, तालुक्याच्या गावी एका मालकाकडे झुंजीचे बैल सांभाळायला होता. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा आणि लमाय पंधराची. त्याला भात भरवून, कडेवर घेऊन तिनेच वाढवलेला. तिने त्याला कार्ड टाकलं. चार इयत्ता शिकलेली बाई, बोलायची तसंच लिहायची.

‘कम्युनिस्ट ओढा ओलांडून आपल्याकडे आलेत. खांद्याला लागलेत. लाल झेंडे निघायच्या आत सहा-सात माणसं घेऊन ये. कोयत्यांना धार लावून आण. मालकाला कळू देऊ नको. — फी.’

फी म्हणजे थोरलं भावंड. बहीण असो की भाऊ, तिकडे दोघांनाही तो एकच शब्द. वियनने जन्मात तिला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

मंगळवारी दुपारी एक माणूस धापा टाकत तिच्या अंगणात आला. वियनबरोबर निघालेल्या सहा कापणाऱ्यांपैकी तो एक होता. त्याने पाणी मागितलं, निम्मं छातीवर सांडलं.

“नाक्यावर अडवलं. टेम्पोत सात कोयते, सगळे धार लावलेले. आणि वियनच्या खिशात कार्ड.”

“मग?”

“मग काय? साहेबाने वाचलं. आम्ही शपथा घेतल्या, की आम्हाला काही ठाऊक नाही. आम्हाला सोडलं. त्याला गिरणीत नेलं.”

लमाय खालीच बसली. गिरणी म्हणजे बंद पडलेली भाताची गिरणी. तिथे वर्षभरापासून लष्कराची छावणी होती. दर शुक्रवारी सकाळी तिथून ताडपत्री बांधलेला ट्रक निघायचा. तो कुठे जातो हे कुणी विचारायचं नाही. आसपासच्या गावांतली चार माणसं त्या ट्रकमधून गेली होती, आणि चौघांच्या घरच्यांनी शेवटी प्रेताशिवायच देवळात भिक्षूंना जेवण घातलं होतं.

तिने बोटांवर मोजलं. मंगळवार, बुध, गुरू. एवढेच.

बुधवारी उजाडताच तिने ओढ्याकाठचं गवत उपटून एक पेंढी बांधली, मुळं-तुऱ्यांसकट, आणि रेतीची वाट तुडवत गिरणी गाठली. फाटकाशी चाळिशीचा, पोट सुटलेला शिपाई उभा होता. बोलण्यावरून सरोवरकाठचाच दिसत होता. त्याने पेंढीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तिला आत नेलं. लमायच्या लक्षात आलं, छावणीच्या तारांच्या कुंपणालाही हेच गवत लगडलं होतं. झेंडे निघाले होते.

कप्तान राजधानीकडचा. त्याचं बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं, एकेक अक्षर वेगळं. टेबलावर त्याच्यापुढे तिचं कार्ड होतं.

“तू कोण?”

“वियनची बहीण, थान.” मोठ्या माणसाला असंच म्हणायचं हे तिला लहानपणी शिकवलेलं, ते आपोआप आलं.

“हे तू लिहिलंस?”

तिची स्वतःची वाकडी अक्षरं तिच्याकडे बघत होती. एक अक्षर ती शाळेपासून उलट्या शेपटीचं काढायची. मास्तरांनी हातावर छड्या मारूनही ते सुलटं झालं नव्हतं. हो म्हणायलाच ती आली होती. सगळ्या वाटेने तेच घोकत आली होती.

“नाही, थान. मला लिहिता येत नाही.”

ती बोलली आणि मग तिला कळलं की ती बोलली. हे खोटं तिने ठरवून सांगितलं नव्हतं. भीतीने परस्पर सांगून टाकलं होतं.

“मग हा फी कोण?” कप्तानाने विचारलं. “तुझा भाऊ काल दुपारपासून एकच गोष्ट सांगत नाहीये. हा फी कोण, कुठल्या डोंगरातला, त्याच्या हाताखाली माणसं किती. नुसतं म्हणतो, फी म्हणजे फी.”

कालपासून तो मार खात होता, तिचं नाव तोंडातून काढत नव्हता, आणि ती इथे उभी राहून त्याचीच फी नाही म्हणत होती.

“थान, हे गवत आहे.” तिने पेंढी पुढे केली. “याला आमच्याकडे कम्युनिस्ट म्हणतात. ते ओढा ओलांडून आलंय, म्हणून कुणीतरी लिहिलं असेल...”

“गवताला झेंडे असतात?”

“तुरे, थान. हे बघा, तांबडे. आम्ही आपलं गमतीने...”

“गमतीने.” कप्तानाने तो शब्द उचलून बाजूला ठेवला. “माझी तीन माणसं मेली डोंगरात गेल्या महिन्यात.”

लमायने कासावीस होऊन दाराशी उभ्या शिपायाकडे पाहिलं. “यांना विचारा, थान! हे आमच्याच बाजूचे आहेत. यांना ठाऊक असणार.”

कप्तानाने मान वळवली. शिपाई बुटांकडे बघत म्हणाला, “मला गवतातलं कळत नाही, थान. आमचं घर मासेवाल्यांचं.”

“ऐकलंस?” कप्तान उठला. “तरी मी अन्याय करणारा माणूस नाही. उद्या गावातलं एक माणूस घेऊन ये. नात्यातलं नको. माझ्यापुढे उभं राहून सांगू दे, की या गवताचं नाव हेच आहे. परवा ट्रक आहे.”

एक माणूस! लमाय जवळजवळ पळतच गावात आली. अख्खं गाव दिवसातून वीसदा तो शब्द बोलायचं. एक माणूस मिळायला काय वेळ लागतो, असं तिला वाटलं.

चहा-कॉफीच्या टपरीवर एक फळा होता. कुणाला कामाला माणूस हवा असला की तिथे खडूने लिहायचं. परवापर्यंत त्यावर लिहिलेलं होतं, ‘विहिरीकडचे कम्युनिस्ट कापायला दोघं हवेत’. लमाय पोचली तेव्हा फळा ओला होता. टपरीवाला फडकं पिळत होता.

“फळ्यावर काय होतं, तुम्हीच लिहिलं होतंत ना?” तिने विचारलं.

“काही नव्हतं.”

“अहो, परवा मी स्वतः वाचलं!”

“लमाय,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “कॉफी प्यायची तर पी. नाहीतर जा, बाई.”

गावप्रमुख, म्हणजे फूयाय, ओसरीत नखं कापत बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कोल्हाशेपूट.”

“काय?”

“त्या गवताला आपण कोल्हाशेपूट म्हणतो. पहिल्यापासून.”

“फूयाय, तुम्हीच देवळाच्या सभेत म्हणालात, की पौर्णिमेच्या आत सगळ्यांनी आपापले कम्युनिस्ट...”

“हळू!” ते इतक्या जोरात ओरडले की कोंबड्या उडाल्या. मग त्यांनी रस्त्याकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला. “मला चार नातवंडं आहेत, लमाय. कोल्हाशेपूट. तूही तेच म्हण. तुझ्या भावालाही तेच म्हणायला सांग.”

त्यानंतर तिने किती दारं वाजवली ते तिलाच आठवत नाही. कुणी आजारी होतं. कुणी आतूनच सांगितलं की घरी कुणी नाही. जिच्या बाळंतपणात लमायने दोन रात्री पाय चेपले होते, त्या बाईने हात जोडले आणि रडायला लागली. त्या गावातली माणसं वाईट नव्हती हो. पण दोन दिवसांत एक अख्खा शब्द गावातून नाहीसा झाला होता, विहीर बुजवावी तसा, आणि तो कधी होता हे सिद्ध करायला लमाय एकटी उरली होती. संध्याकाळ होत आली तेव्हा एकच घर राहिलं. ते तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

पा फ्लोय ताडगुळाच्या कढईपुढे बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

“आलीस? मला वाटलं, अजून दोन-चार दारं फिरशील.”

“पा, तुला ठाऊक आहे?”

“आंधळी नाही मी. सकाळपासून बघतेय, दारोदार फिरतेस भिक्षूसारखी.” तिने पळी ढवळली. “तीन वर्षं मी घसा फोडतेय, तेव्हा ऐकू नाही आलं. आज मी आठवले?”

“चुकलं माझं.”

“तुझ्या बापाचं चुकलं. पोतं त्याने आणलं. आणि कुंपण तू नीट केलं नाहीस. आणि तुझी गाय—”

“पा, वियनला परवा ट्रकमध्ये घालतील.”

पळी थांबली. वियन सात वर्षांचा असताना या कढईपाशी बसून काठावरची खरवड बोटाने चाटायचा. भांडण त्यानंतरचं.

“मी तुझ्यासाठी नाही यायची,” पा फ्लोय म्हणाली. “मी तक्रार करायला येईन. तो कप्तान सरकारचा माणूस ना? मग सांगते त्याला. तीन वर्षं या बाईचे कम्युनिस्ट माझा भुईमूग खाताहेत, आणि गावप्रमुख काही करत नाही. बघू या, तो काय न्याय देतो ते.”

लमायला रडू कोसळलं. तिने वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला.

“रड बाहेर जाऊन. गुळात पाणी पडेल.”

गुरुवारी पा फ्लोय देवळात जायची पांढरी चोळी घालून निघाली. हातात एक मोठा तांबडा तुरा, तोंडात विडा. मागून टोपली घेऊन लमाय. वाटेत लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. ती प्रत्येक बंद खिडकीपुढे मुद्दाम खाकरायची. लमायला भीतीतही हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं, वियन आज रात्री घरी जेवेल. मासा कुठून आणायचा याचा विचारही तिने करून ठेवला.

फाटकाशी त्याच शिपायाने लमायला अडवलं. एकटी म्हातारीच आत जाईल, असा हुकूम होता. पा फ्लोय आत गेली. थोड्याच वेळात तिचा आवाज बाहेर आला, नेहमीसारखा खणखणीत. “तीन वर्षं! तीन वर्षं मी सोसतेय! माझ्याच जमिनीत घुसून बसलेत!” लमाय कान देऊन ऐकत होती. मग कप्तानाचा बारीक आवाज. मग पुन्हा पा फ्लोयचा, पण आता चढा नव्हता. मग काहीतरी पडलं. मग काहीच नाही.

सूर्य ताडाच्या शेंड्यावरून उतरायला लागला तरी काहीच नाही.

शिपाई तिच्याजवळ आला. टोपली तपासतोय असं दाखवत वाकला.

“घरी जा,” तो ओठ न हलवता म्हणाला.

“का? पा कुठे आहे?”

“तुझ्या भावाला परवा विचारलं, कम्युनिस्ट कुठे आहेत, कुणाच्या जमिनीत. त्याने सांगितलं, ओढ्यापलीकडे, पा फ्लोयच्या जमिनीत. म्हातारीचं नाव यादीत लागलं तेव्हाच. आज जीप तिच्याकडेच निघणार होती.” त्याने टोपली खाली ठेवली. “तूच आणून दिलीस. आता कप्तानाला वाटतंय, तीच फी. उद्या दोघंही ट्रकमध्ये. तुझं नाव कुठेच नाही. जा.”

लमाय वळली आणि चालायला लागली. हे सांगायलाच हवं, कारण पुढे गावात लोक तिच्याबद्दल फार चांगलं बोलायचे आणि तिला ते सहन व्हायचं नाही. ती चालायला लागली. वियनने तिला वाचवायला म्हातारीचं नाव दिलं होतं. ती वाचली होती. तिचं नाव कुठेच नव्हतं. तिचे पाय तिला घराकडे घेऊन निघाले होते, आणि ती त्यांना थांबवत नव्हती. शंभरेक पावलं ती गेली. मग तिच्या साडीसारख्या लुंगीच्या काठातून काहीतरी टोचलं. वाकून बघते तो गवताची कुसळं. नेहमीचीच. तीन वर्षं रोज संध्याकाळी ती दारात बसून ती काढायची, आणि कुंपणापलीकडे पा फ्लोयही आपली काढत बसलेली असायची, आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

ती परत फिरली. फाटकासमोर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कमरेवर हात ठेवले.

“पा फ्लोय! ए पा फ्लोय!” ती ओरडली. “तुझे कम्युनिस्ट माझ्या मिरचीत शिरलेत! आवर त्यांना!”

तारेच्या आतले चार-पाच शिपाई बंदुका घेऊन धावले. एकाने नळी तिच्या छातीला लावली. गिरणीतून काही आलं नाही.

“ए म्हातारे! ऐकतेस का? ओढा ओलांडून आलेत! झेंडे निघालेत! तुझ्या जमिनीतून आलेत सगळे!”

काही नाही. म्हातारी मेली, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. तरी ती तिसऱ्यांदा ओरडली. या वेळी आवाज फाटला आणि मधेच रडणं मिसळलं.

“तुझेच आहेत ते, पा! तुझेच!”

मग गिरणीच्या पत्र्याआडून एक घोगरा आवाज आला.

“माझे? तोंड वर करून माझे म्हणतेस? तुझ्या बापाने पोतं भरून आणलं बियाणं!”

“कुंपण तुझं मोडकं!”

“कुंपण तुझ्या गायीने मोडलं! तीन वर्षं सांगतेय, तुरा यायच्या आत काप, तुरा यायच्या आत काप! कापलेस? झोपा काढल्यास! आता वाऱ्याने बी उडून माझ्या भुईमुगात पडलं, ते कोण उपटणार? तुझा बाप येणार वरून?”

“मी उपटते! बाहेर ये, मी उपटते!”

बंदूक लावलेला शिपाई गोंधळून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. कप्तान दारात येऊन उभा राहिला होता. कधीपासून, ते कळलं नाही.

“ही कार्ड माझी आहे, थान,” लमाय ओरडली. घाईत तिचं बोलणंही चुकलं. “हे कार्ड माझं आहे. मी फी आहे. तो माझा धाकटा भाऊ, मला फीच म्हणतो.”

“काल तुला लिहिता येत नव्हतं.”

“भीतीने खोटं बोलले.”

“आणि आज खरं बोलतेस कशावरून?”

“आज जास्त भीती वाटतेय, थान.”

कप्तानाने कागद आणि पेन मागवलं. लमाय रस्त्यावरच उकिडवी बसली आणि गुडघ्यावर कागद ठेवून तिने सगळं पुन्हा लिहिलं. कम्युनिस्ट ओढा ओलांडून आपल्याकडे आलेत. खांद्याला लागलेत. ओळी चढत-उतरत होत्या, पण ते एक अक्षर दर वेळी उलट्या शेपटीचंच आलं. कप्तानाने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. मग पोट सुटलेल्या शिपायाकडे वळला.

“तू. मासेवाला. पुन्हा विचारतो. या तारेला जे लगडलंय, त्याला तुझ्या घरी काय म्हणतात?”

शिपायाने तारेकडे पाहिलं.

“कम्युनिस्ट, थान,” तो म्हणाला. “आई रोज म्हणते.”

कप्तान हसला असता तर लमायला बरं वाटलं असतं. तो हसला नाही. त्याने वाकून आपल्या विजारीला चिकटलेली कुसळं एक एक करून काढली, खाली टाकली आणि बुटाने रेतीत दाबली.

“यांना घेऊन जा,” तो म्हणाला. “पण यापुढे या गवताला हे नाव कुणी घ्यायचं नाही. ज्याच्या तोंडून ऐकेन, त्याला मी गवत दाखवायला सांगणार नाही.”

वियन बाहेर आला तो भिंत धरून. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. त्यामागून पा फ्लोय. तिच्या तोंडात विडा नव्हता, पण ओठ लाल होते. पांढऱ्या चोळीवरही लाल ठिपके होते.

रेतीच्या वाटेने तिघं एकामागे एक चालत होते. गिरणी दिसेनाशी झाल्यावर वियन थांबला, खाली बसला आणि एक धड आणि एक गुंडाळलेला असे हात जोडून त्याने कपाळाला लावले.

“पा, मी तुझं नाव...”

“ठाऊक आहे. त्यांनी वाचून दाखवलं.”

“फीचं घ्यायचं नव्हतं, म्हणून...”

“कळलं रे. मला भाऊ असता तर त्यानेही हेच केलं असतं.” ती पुढे चालायला लागली. “पण मला नाहीये भाऊ.”

दोघं भावंडं तिच्यामागून चालली. लमायने त्या रात्री मासा शिजवला आणि वाटीभर कुंपणापलीकडे नेऊन ठेवला. वाटी घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडे आधी आरवले. लमाय भांडी घेऊन अंगणात बसली आणि कुंपणाकडे कान लावून राहिली. वियन आत झोपला होता. रस्त्यावरून लांब कुठेतरी ट्रकचा आवाज आला आणि गेला. आज शुक्रवार होता. त्यात दुसरं कुणीतरी असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने भांडं जोरात घासलं.

बऱ्याच वेळाने पा फ्लोय कुंपणापाशी आली. कमरेवर हात ठेवलेले नव्हते. तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, या बाजूला, मग त्या बाजूला. मग कुंपणावर वाकली.

“लमाय,” ती हळूच म्हणाली. तीन वर्षांत तिने इतक्या हळू कधी हाक मारली नव्हती. “तुझ्याकडचं ते... तिकडे आलंय. ते... गवत. सवड झाली की कापशील का?”

“कापते, पा.”

म्हातारी मान हलवून आत गेली. लमाय तिच्या पाठीकडे बघत राहिली. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, बापाचा उद्धार करावा, असं लमायला इतकं वाटलं की तिला रडू आवरेना. पण दार लागलं. तिने डोळे पुसले, कोयता घेतला आणि ओढ्याकडे गेली. झेंडे सगळे उमलले होते.